रेखांशांची मोजणी आणि संगणकावरील नकाशे

पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणाचे स्थान सांगावयाचे झाल्यास दोन कोन पुरेसे होतात. विषुववृत्तापासून उत्तरेस अथवा दक्षिणेस ते ठिकाण किती अंशांवर आहे हे अक्षांशावरून कळते. एका ठरीव रेखावृत्तापासून पूर्वेस अथवा पश्चिमेस ते किती अंशांवर आहे हे रेखांशावरून कळते. वरवर पाहता ही दोन्ही मोजमापे एकाच जातीची वाटतात. परंतु त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे. अक्षांशांना आरंभ आणि शेवट निसर्गानेच दिलेला आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिला ध्रुव आहेत, आणि ध्रुव आहेत म्हणून त्यांच्या बरोबर मध्ये विषुववृत्त आहे. रेखांशांच्या बाबतीत निसर्गाने असे काहीही ठरवून दिलेले नाही. मोजणी कोठून सुरू करावयाची, ती कोणत्या दिशेने करावयाची आणि वर्तुळ कोणत्या जागी तोडून सरळ पसरावयाचे, हे तिन्ही प्रश्न माणसाला संकेताने सोडवावे लागले आहेत.

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगाने फार पूर्वी दिले. उरलेल्या दोन प्रश्नांची मात्र दोन-दोन उत्तरे अद्यापि प्रचारात आहेत. कागदावरच्या नकाशात त्यामुळे विशेष अडचण येत नसे, कारण नकाशा वाचणारा माणूस स्वतःच तेवढी दुरुस्ती करून घेत असे. नकाशे काढण्याचे काम संगणकाकडे गेल्यापासून परिस्थिती बदलली आहे. संगणक आकडा दिला तसाच घेतो. तो कोणत्या संकेताने लिहिलेला आहे याची विचारपूस तो आपण होऊन करीतच असे नाही.

उज्जयिनी, पॅरिस आणि ग्रिनिच

प्राचीन भारतीय ज्योतिषशास्त्रात मूळ रेखावृत्त उज्जयिनीवरून जात असे. ही रेषा दक्षिणेस विषुववृत्तावर कल्पिलेल्या लंका या स्थानातून निघते असे मानीत. युरोपातही अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत निरनिराळ्या देशांची निरनिराळी मूळ रेखावृत्ते होती. फ्रान्सचे पॅरिसवरून जाई, तर ब्रिटनचे ग्रिनिचच्या वेधशाळेवरून. आगगाड्या, तारायंत्रे आणि आगबोटी यांनी देश जवळ आणले, तसा हा घोळ असह्य होऊ लागला. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. ग्रिनिचच्या बाजूने २२ देशांनी मत दिले. सान डोमिंगोने विरोध केला आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. ब्रिटनच्या प्रतिनिधींमध्ये भारतात दीर्घकाळ काम केलेले लेफ्टनंट जनरल रिचर्ड स्ट्रॅची हेही होते.

मोजणीच्या दिशेचा प्रश्न मात्र इतक्या सहजतेने सुटला नाही. एकच वर्ष आधी, १८८३ मध्ये, रोम येथे भूमापनशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिने अशी शिफारस केली होती की, रेखांश ग्रिनिचपासून केवळ पूर्वेच्या दिशेने, ० पासून ३६० अंशांपर्यंत अखंड मोजावेत. वॉशिंग्टनच्या परिषदेने ही शिफारस स्वीकारली नाही. रेखांश दोन्ही दिशांनी १८० अंशांपर्यंत मोजावेत, पूर्व रेखांश धन व पश्चिम रेखांश ऋण मानावेत, असा ठराव तिने संमत केला. या ठरावास १४ देशांनी पाठिंबा दिला, ५ देशांनी विरोध केला आणि ६ देश तटस्थ राहिले. मतांची ही विभागणी अर्थपूर्ण आहे. पुढील काळात दोन्ही पद्धती टिकून राहिल्या आणि दोघींनाही आपापल्या क्षेत्रात पक्के आसन मिळाले.

एकच ठिकाण, दोन आकडे

सोयीसाठी पहिल्या पद्धतीस अखंड मोजणी आणि दुसरीस द्विदिश मोजणी असे म्हणू. पूर्व गोलार्धातील ठिकाणांना या दोन्ही पद्धतींत एकच आकडा मिळतो. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.९ आणि कोलकात्याचा सुमारे ८८.४, पद्धत कोणतीही असो, आकडा तोच. पश्चिम गोलार्धात मात्र आकडे वेगळे होतात. पेरू देशातील लिमा शहर सुमारे ७७ अंश पश्चिमेस आहे. द्विदिश मोजणीत त्याचा रेखांश उणे ७७ होतो, तर अखंड मोजणीत २८३. ताहिती बेट द्विदिश मोजणीत सुमारे उणे १४९.६ वर, तर अखंड मोजणीत २१०.४ वर येते. घानाची राजधानी आक्रा ग्रिनिचच्या रेषेला जवळजवळ लागून, किंचित पश्चिमेस आहे. तिचा आकडा एका पद्धतीत उणे ०.२ आणि दुसरीत ३५९.८ होतो.

गोलाचा नकाशा सपाट करावयाचा म्हणजे वर्तुळ कोठेतरी तोडावे लागते. द्विदिश मोजणी ते १८० अंशांच्या रेषेवर तोडते. ही रेषा बहुतेक सर्वत्र पॅसिफिक महासागरावरून जाते. अंटार्क्टिका सोडल्यास सायबेरियाचे ईशान्य टोक, त्याजवळील रँगेल बेट आणि फिजीमधील काही बेटे एवढीच जमीन तिच्या वाटेत येते. जमिनीचे नकाशे काढणाऱ्यांना ही पद्धत सोयीची वाटावी हे स्वाभाविक आहे. भौगोलिक माहिती प्रणाली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या याच परंपरेत वाढल्या. त्यामुळे रेखांश उणे १८० ते १८० यांच्या दरम्यान असावेत अशी त्यांची सामान्यतः अपेक्षा असते.

हवामानशास्त्रज्ञांची आणि सागरशास्त्रज्ञांची गरज वेगळी आहे. त्यांना पॅसिफिक महासागर सलग दिसावयास हवा, कारण पृथ्वीच्या वातावरणातील कित्येक मोठ्या घडामोडींचे मूळ तेथे असते. शिवाय पृथ्वीभोवतीच्या लहरींचे गणित करताना शून्यापासून सुरू होऊन पुन्हा शून्याशी मिळणारे वर्तुळ सोयीचे पडते. म्हणून त्यांचे आकडे बहुधा अखंड मोजणीत असतात. ही पद्धत वर्तुळ ग्रिनिचवर तोडते, आणि त्यामुळे युरोप व पश्चिम आफ्रिका यांचे दोन तुकडे होऊन ते नकाशाच्या दोन टोकांना जातात. उज्जयिनीची रेषाच मूळ रेखावृत्त म्हणून कायम राहिली असती, तर अखंड मोजणीच्या नकाशात भारताचीच अशी फाळणी झाली असती. मुंबई ३५७ अंशांवर उजव्या कडेला गेली असती आणि नागपूर ३ अंशांवर डाव्या कडेला राहिले असते.

जाळी आणि तिची घरे

जाळीबद्ध आकडे म्हणजे काय हे येथे थोडक्यात पाहिले पाहिजे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने उभ्या व आडव्या रेषा कल्पिल्या, तर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे तयार होतात. प्रत्येक घरासाठी तापमान, पाऊस, वायुभार किंवा भूमीची उंची यांपैकी एखादा आकडा नोंदविला जातो. भारतीय हवामान खात्याने पाव अंशाच्या जाळीवर तयार केलेल्या पर्जन्यमानाच्या आकड्यांत पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९ जागा आहेत. ही जाळी ६६.५ ते १०० अंश पूर्व रेखांशांपर्यंत पसरलेली आहे. अमेरिकेतील दोन संस्थांनी मिळून तयार केलेल्या, १९४८ पासूनच्या वातावरणाच्या पुनर्विश्लेषणात अडीच अंशांची जाळी आहे. तिच्यात १४४ स्तंभ व ७३ ओळी असून रेखांश ० पासून ३५७.५ पर्यंत जातात. सागरपृष्ठाच्या तापमानाची पाव अंशाची एक प्रसिद्ध जागतिक जाळी १,४४० स्तंभांची व ७२० ओळींची आहे. म्हणजे एका दिवसाच्या चित्रात १०,३६,८०० घरे झाली.

इतक्या घरांपैकी प्रत्येकाचा अक्षांश-रेखांश स्वतंत्रपणे लिहून ठेवणे अनाठायी होय. म्हणून संचिकेत मोजणी कोठून सुरू होते, दोन स्तंभांत अंतर किती आहे आणि स्तंभ किती आहेत एवढेच सांगितलेले असते, किंवा स्तंभांच्या रेखांशांची एकच यादी दिलेली असते. पुढे नुसते आकडे ओळीने येतात. जागतिक हवामान संघटनेच्या ‘ग्रिब’ या संचिका-पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत रेखांश ० ते ३६० यांच्या दरम्यानच लिहावेत असा नियम आहे. ‘नेटसीडीएफ’ या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत दोन्ही प्रकारचे रेखांश आढळतात. संचिका हाती आल्यावर तिचे पहिले व शेवटचे रेखांश वाचणे, हे म्हणूनच अभ्यासकाचे पहिले काम असले पाहिजे.

चूक कशी लपते

भारताची मुख्य भूमी ६८ अंश ७ मिनिटे ते ९७ अंश २५ मिनिटे पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहे. या पट्ट्यात दोन्ही पद्धतींचे आकडे सारखेच असल्याने भारतापुरते काम करणाऱ्या अभ्यासकाला त्यांतील भेद जाणवतच नाही. जागतिक जाळी नकाशात आणल्यावर तो भारताकडे पाहतो, भारत जागच्या जागी दिसतो, आणि सर्व काही ठीक आहे असे समजून तो पुढे जातो. वस्तुतः त्या नकाशाचा पश्चिम गोलार्ध रिकामा असतो. अमेरिका आणि अटलांटिक महासागर यांचे आकडे १८० अंशांच्या पलीकडे, नकाशाच्या चौकटीबाहेर उजवीकडे जाऊन पडलेले असतात.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. तिच्यावर केला जाणारा घाईचा उपाय अधिक घातक ठरतो. जाळीच्या सीमा ० ते ३६० आहेत असे पाहून काही जण त्या खोडून उणे १८० ते १८० असे लिहितात. चित्र चौकटीत नीट बसते. पण आकड्यांचा क्रम न बदलल्यामुळे सारे जग अर्ध्या फेरीने सरकते. नागपूर ७९.१ अंश पूर्वेस आहे; त्यातून १८० वजा केल्यास उणे १००.९ उरतात. या रेखांशावर, नागपूरच्या अक्षांशाच्या अगदी जवळ, मेक्सिकोतील सान लुईस पोटोसी हे शहर आहे. अशा नकाशात विदर्भातील पाऊस मेक्सिकोच्या पठारावर पडलेला दिसतो. किनाऱ्यांच्या रेषा सोबत नसतील, तर हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

सर्वांत धोकादायक चूक ती, जिच्यात नकाशा काढलाच जात नाही आणि केवळ एक आकडा काढून घेतला जातो. तिचे गांभीर्य समजण्यासाठी मान्सूनकडे वळले पाहिजे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचा पूर्वअंदाज करण्यासाठी जगभरच्या वायुभाराचे व पावसाचे आकडे गोळा केले. त्यांतून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या झोक्याचा शोध लागला. तो पुढे ‘दक्षिणी आंदोलन’ या नावाने प्रसिद्ध झाला. पॅसिफिकच्या मध्य व पूर्व भागांतील पाणी नेहमीपेक्षा अधिक तापण्याच्या घटनेशी, म्हणजे एल निनोशी, त्याचा निकट संबंध आहे. एल निनोच्या प्रत्येक वर्षी भारतात अवर्षण होते असे नाही. १९९७ मध्ये एल निनो अत्यंत प्रबळ असूनही देशातील पाऊस सरासरीइतका झाला. तथापि, २००२, २००९ आणि २०१५ या तुटीच्या वर्षांत एल निनोची छाया होती. म्हणून मान्सूनचा अभ्यास करणारा कोणीही पॅसिफिककडे दुर्लक्ष करू शकत नाही.

एल निनोचे मोजमाप करण्यासाठी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस ५ अंशांपर्यंत आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांपर्यंतचा एक सागरी आयत ठरविलेला आहे. तेथील पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअसने अधिक तापले, तर त्याची दखल घेतली जाते. द्विदिश मोजणीत हा आयत उणे १७० ते उणे १२० असा आहे, तर अखंड मोजणीत १९० ते २४०. आता समजा, संचिका अखंड मोजणीची आहे आणि अभ्यासकाने उणे १७० ते उणे १२० असे मागितले. आज्ञावलीने काहीच दिले नाही तर चूक लगेच कळेल. परंतु काही आज्ञावल्या मागितलेल्या आकड्याच्या सर्वांत जवळचा स्तंभ शोधून देतात. संचिकेत ऋण रेखांश नसल्यामुळे उणे १७० ला आणि उणे १२० लाही सर्वांत जवळचा स्तंभ शून्याचाच ठरतो. विषुववृत्तावर शून्य रेखांशापाशी गिनीचे आखात आहे. तेथेही समुद्रच आहे आणि तोही उष्ण कटिबंधातील. त्यामुळे मिळालेला तापमानाचा आकडा पाहून कोणतीही शंका येत नाही. पॅसिफिकच्या नावाखाली आफ्रिकेच्या किनाऱ्याचे पाणी हिशेबात धरले जाते आणि त्यावर पुढचे सारे गणित उभे राहते.

वर्तुळाच्या तुटीपाशी आणखी काही दोष उत्पन्न होतात. ३५९ आणि १ या दोन रेखांशांची साधी सरासरी काढली तर १८० येते; म्हणजे लंडनजवळच्या दोन ठिकाणांचा मध्य पॅसिफिकमध्ये सापडतो. १८० अंशांची रेषा ओलांडणाऱ्या चक्रीवादळाचा मार्ग द्विदिश नकाशात काढला, तर रेषा साऱ्या जगावरून आडवी धावते. अखंड जाळीचे रंगीत चित्र काढताना ३५७.५ आणि ० हे शेजारी आहेत हे आज्ञावलीला ठाऊक नसेल, तर ग्रिनिचवरून एक कोरी उभी पट्टी राहून जाते. हे दोष केवळ चित्रांपुरते नाहीत. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेची एफ-२२ लढाऊ विमाने हवाई बेटांहून जपानमधील ओकिनावाकडे जात असता, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना त्यांच्या संगणकांतील मार्गदर्शन व्यवस्था निकामी झाली. इंधनवाहू विमानांच्या मागोमाग त्यांना परतावे लागले.

दुरुस्तीची रीत

अखंड मोजणीतून द्विदिश मोजणीत येण्याचा नियम सोपा आहे. रेखांशात १८० मिळवावेत. बेरजेला ३६० ने भागून जी बाकी उरेल ती घ्यावी. त्या बाकीतून १८० वजा करावेत. लिमाचे २८३ घेतल्यास बेरीज ४६३ होते, बाकी १०३ उरते आणि १८० वजा केल्यावर उणे ७७ मिळतात. ७३ घेतल्यास बेरीज २५३, बाकी २५३ आणि उत्तर पुन्हा ७३ येते. उलट दिशेने जाताना ऋण रेखांशात ३६० मिळविले की काम होते.

मात्र आकडे बदलणे हे निम्मेच काम होय. अडीच अंशांच्या जाळीत पहिले ७२ स्तंभ ० ते १७७.५ अंशांचे आणि पुढचे ७२ स्तंभ १८० ते ३५७.५ अंशांचे असतात. नियम लावल्यावर उत्तरार्धाचे रेखांश उणे १८० ते उणे २.५ होतात, परंतु त्यांची जागा उजवीकडेच राहते. रेखांश डावीकडून उजवीकडे वाढत जावेत यासाठी हे ७२ स्तंभ आकड्यांसकट उचलून पूर्वार्धाच्या आधी ठेवावे लागतात. पत्त्यांचा जोड मध्ये कापून खालचा भाग वर ठेवावा, तसेच हे आहे. पत्ते तेच राहतात, आरंभ तेवढा बदलतो. बहुतेक प्रचलित आज्ञावल्यांत हे काम करणाऱ्या तयार सूचना आहेत. ज्यांत त्या नाहीत, त्यांत जाळीचे दोन भाग वेगळे कापून, प्रत्येकाला योग्य सीमा देऊन, ते पुन्हा जोडता येतात.

यानंतर घराच्या मध्याचा आणि कडेचा भेद लक्षात घ्यावा लागतो. अडीच अंशांच्या जाळीतील शून्य हा पहिल्या घराचा मध्य आहे. ते घर मध्याच्या दोन्ही बाजूंस सव्वा-सव्वा अंश पसरलेले असते. आज्ञावलीने शून्य ही घराची डावी कड आहे असे मानले, तर सारी जाळी सव्वा अंशाने पूर्वेस सरकते. मुंबईच्या अक्षांशावर हे अंतर सुमारे १३० किलोमीटर भरते. कोकणचा पाऊस सह्याद्री ओलांडून पुण्याच्याही पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात जाऊन पडावयास एवढे अंतर पुरेसे आहे. स्तंभांची अदलाबदल केल्यावर या जाळीच्या बाहेरील कडा उणे १८१.२५ आणि १७८.७५ होतात, आणि काही आज्ञावल्या अशी सीमा स्वीकारण्यास नाखूश असतात. तेव्हा ती सीमा दडपून उणे १८० करणे हा उपाय नव्हे, कारण तसे केल्यास प्रत्येक घर थोडे थोडे सरकते. १८० अंशांवर बसलेले घर दोन भागांत विभागून दोन्ही कडांना ठेवणे योग्य होय. पाव अंशाच्या ज्या जाळ्यांत घरांचे मध्य ०.१२५ पासून सुरू होतात, त्यांत कडा नेमक्या ० व ३६० वर येत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

स्तंभांची अदलाबदल प्रत्येक वेळी करावीच असेही नाही. अभ्यासाचा विषय पॅसिफिक महासागर असेल, तर जाळी अखंड मोजणीतच ठेवून किनाऱ्यांच्या व सीमांच्या रेषा त्या मोजणीत आणणे अधिक शहाणपणाचे ठरते. मात्र त्या रेषा आधी ग्रिनिचवर कापून घ्याव्या लागतात. तसे न केल्यास ब्रिटनची किंवा घानाची सीमारेषा नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली जाते.

काम पुरे झाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, साऱ्या जाळीची सरासरी दुरुस्तीपूर्वी जेवढी होती तेवढीच नंतरही असली पाहिजे. घरे केवळ जागा बदलतात, त्यांतील आकडे बदलत नाहीत. दुसरी, पूर्व व पश्चिम गोलार्धांतील एकेक ओळखीचे ठिकाण घेऊन मूळ संचिकेतील आणि नव्या नकाशातील आकडे ताडून पाहावेत. केवळ भारतातील ठिकाण घेतल्यास ही परीक्षा व्यर्थ होय. तिसरी, किनाऱ्यांच्या रेषा वर ठेवून जमीन आणि समुद्र जागच्या जागी आहेत का ते पाहावे. ओळी दक्षिणेकडून उत्तरेकडे लिहिल्या असल्यास उलटे झालेले चित्रही याच वेळी ध्यानात येते. मूळ संचिका न बदलता जपून ठेवावी आणि नव्या संचिकेत कोणता बदल केला याची नोंद करावी.

रोम आणि वॉशिंग्टन येथील परिषदांनी दिलेल्या दोन उत्तरांपैकी कोणतेही चुकीचे नव्हते, आणि आजही दोन्ही पद्धती आपापल्या जागी उपयुक्त आहेत. एका पद्धतीचे आकडे दुसरीचे म्हणून वाचले गेले, की हानी होते. पावसाचा अंदाज, पुराची सूचना अथवा पिकांचे नियोजन ज्या आकड्यांवर अवलंबून असते, ते आकडे पृथ्वीवरील नेमक्या कोणत्या जागेचे आहेत हे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. ती मिनिटे कामाच्या आरंभीच खर्च करणे हिताचे असते.